धिंगरी, शिताके आणि आमचा बिडाचा तवा

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत शुक्रवारी संध्याकाळी मश्रूमची गाडी यायला लागली आणि लेकीने परस्पर आमचंही नाव यादीत घातलं. शहापूरकडे शेड बांधून एक जोडपं भाताच्या पेंढ्यावर धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मश्रूम, पिकवतं. त्याच गाडीत शिताके, किंग ऑयस्टर, एनोकी अशी बाहेरून मागवलेली मंडळीही असतात. बटन मश्रूम घरात नवं नव्हतं, पण त्याची धाव मटारच्या रश्शापर्यंतच. आता ही नवी पाकिटं ओट्यावर आली. त्यांचं करायचं काय, हे शोधायला गेले तर जिथे तिथे क्रीम, थाइम आणि व्हाइट वाइन. हे तिन्ही आमच्या घरी नसतात. मग मी एकच अट घातली: मश्रूमसाठी म्हणून वेगळं काही विकत आणायचं नाही. फोडणी, वाटप आणि तवा एवढ्यात जे बसेल ते करायचं.

सुरुवात धिंगरीपासून केली, कारण ती सगळ्यात स्वस्त आणि ताजी. बटन मश्रूमला उगवायला पंधरा-सोळा अंशांचा गारवा लागतो, म्हणून त्याच्यासाठी वातानुकूलित खोल्या बांधाव्या लागतात. धिंगरीला वीस ते तीस अंश चालतात, म्हणजे आपल्याकडे वर्षातले बरेच महिने ती साध्या शेडमध्येही होते. सकाळी काढलेली संध्याकाळी आमच्या दारात येते, हे सुख मोठं.

गाडीवरच्या त्या बाईंनीच पहिला धडा दिला. "ताई, सुरी लावू नका, हाताने फाडा. आणि तवा कोरडा ठेवा." सगळे देठ जिथे एकत्र येतात तो चिवट गड्डा तेवढा कापून टाकायचा. बाकीच्या छत्र्या धाग्याच्या दिशेने फाडल्या की त्यांच्या कडा ओबडधोबड होतात, आणि नेमक्या त्याच कडा तव्यावर छान तांबूस होतात.

कोरड्या तव्याचं म्हणणं मला आधी पटेना. फोडणीशिवाय भाजी हे आपल्या हाताला ठाऊकच नाही. पण कारण कळलं तेव्हा शंका उरली नाही. मश्रूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तेल आधी घातलं तर ती ते पिऊन टाकतात, मीठ आधी घातलं तर सगळं पाणी एकदम सुटतं आणि भाजी परतली न जाता उकडते. म्हणून बिडाचा तवा चांगला तापवायचा, त्यावर धिंगरी एका थरात पसरायची आणि हात आवरायचा. ढवळायची घाई करायची नाही. थोड्या वेळाने चरचर वाढते, पाणी सुटलेलं दिसतं, मग ते आटतं आणि आवाज बसतो. त्याच सुमारास वास बदलतो, कच्चट वास जाऊन खमंग वास येतो. तेल, ठेचलेली लसूण आणि मीठ घालायची वेळ ही. सगळ्यात शेवटी लिंबू. २०० ग्रॅमचं पाकीट एवढं आळतं की चौघांच्या पानात जेमतेम दोन-दोन घास येतात, तेव्हा हिशोब धरून घ्या.

यात धीर धरला तरी काही बिघडत नाही, हे मला सर्वांत आवडलं. भेंडी किंवा दुधी पाच मिनिटं जास्त राहिला की लगदा होतो, मश्रूमचा होत नाही. भाज्यांच्या पेशींची भिंत शिजताना सैल पडते. मश्रूमची भिंत कायटिनची असते, आणि कायटिन घरच्या आचेला दाद देत नाही. झिंग्याच्या आणि खेकड्याच्या कवचात असतं तेच हे. मी हे जेवताना मोठ्या उत्साहाने सांगितलं, तर सासूबाई घास हातात धरून म्हणाल्या, "मगे ही सोमवारी चालतली की नाय?"

सासूबाई सावंतवाडीच्या. त्यांच्या लेखी अळंबी म्हणजे पावसात वारुळावर येणारी, रानातली. पाकीट उघडून हुंगून त्या म्हणाल्या होत्या, "हेका काय अळंबी म्हणतत? मातयेचो वास खंय आसा?" त्यांचं खरंच आहे. कोकणातली आणि गोव्यातली ती अळंबी वाळवी आपल्या वारुळात वाढवते. वाळवीवाचून ती शेडमध्ये पिकवणं माणसाला अजून जमलेलं नाही. म्हणून तर पावसाळ्यात गोव्याच्या रस्त्याकडेला पानात बांधलेली मूठभर अळमी एवढ्या चढ्या भावाने जाते. तिच्यापुढे धिंगरी फिकीच. (रानातली अळंबी विषारी आहे का हे ओळखण्याचे लसूण काळी पडते, चांदी काळवंडते असे जे उपाय सांगतात, त्यांवर अजिबात भरवसा ठेवू नये. सासूबाईसुद्धा फक्त माहेरच्या ठरलेल्या जागांवरची खातात, आणि ती ओळखणाऱ्याने काढलेली असेल तरच.)

पण फिक्या गोष्टीला वाटप चांगलं लागतं, हा शोध त्यांचाच. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं, त्यात धणे, मिरी, लवंग, बडीशेप, आणि सगळं बारीक वाटायचं. धिंगरी आधी वर सांगितल्याप्रमाणे कोरडी भाजून घ्यायची. मग तेलात कांदा, मालवणी मसाला, वाटप, बेताचं पाणी, एक उकळी, त्यानंतर धिंगरी. आमसुलं शेवटी. कच्ची धिंगरी थेट रश्शात टाकली तर ती रस्सा पातळ करते आणि स्वतः बेचव राहते. भाजलेली असेल तर रस्सा धरून ठेवते. घावण्यांबरोबर हे केलं त्या दिवशी मातीच्या वासाचा विषय निघाला नाही.

शिताकेच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: ताजी घेऊ नका, सुकी घ्या. ताजी महाग, आणि सुकीला जी चव आहे ती तिला नाही. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट हे चव देणारं द्रव्य वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. पुढे १९५७ मध्ये आकिरा कुनिनाका यांनी दाखवलं की सुक्या शिताकेत असणारं ग्वानिलेट हे तसंच चव देणारं द्रव्य आणि ग्लुटामेट एकत्र आले की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कितीतरी पटींनी चढते. ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही भरपूर असतं. हे वाचलं आणि डोक्यात थेट टोमॅटोचं सार आलं.

तीन-चार सुकी शिताके रात्री गार पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवते. उकळतं पाणी ओतलं तर ती लवकर मऊ होतात, पण चव गार पाण्यातच नीट उतरते. सकाळी ते तपकिरी पाणी गाळून साध्या पाण्याऐवजी सारात घालायचं. तूप-जिऱ्याची फोडणी, कढीपत्ता, गुळाचा खडा, बाकी नेहमीचंच. मश्रूमचा मागमूस लागत नाही, सार मात्र जास्त भरलेलं लागतं. मऊ झालेल्या छत्र्या चिरून मुगाच्या खिचडीत जातात. देठ चिवटच राहतात, ते डब्यात साठवून पुढच्या पाण्याला वापरते. एक मात्र पाळा: शिताके पूर्ण शिजवूनच खा. कच्ची किंवा अर्धकच्ची खाल्ली तर काहींच्या अंगावर चाबकाचे फटके बसल्यासारखे लाल वळ उठतात, आणि ते बरेच दिवस राहतात.

किंग ऑयस्टरमध्ये छत्री नावाला, खायचा तो जाडजूड देठ. त्याच्या बोटभर जाड चकत्या करून दोन्ही बाजूंनी चौकटीच्या चिरा पाडते, आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ आणि आगळ (कोकमाचा रस) लावून पंधरा मिनिटं ठेवते, मग रव्यात घोळवून तव्यावर. सुरमईची चव येते असं म्हणणार नाही, पण दाताखाली अगदीच परकं लागत नाही. सासूबाईंच्या सोमवारच्या प्रश्नाला घरात हेच उत्तर मिळालं. चालतं.

साठवणुकीत फार काही नाही. प्लास्टिकचं पाकीट लगेच काढून कागदी पिशवीत भरून फ्रीजमध्ये ठेवायची, नाहीतर वाफ धरून ती चिकट होतात. धुवायला हरकत नाही, करायच्या आधी नळाखाली पटकन, भिजत मात्र ठेवायची नाहीत. कधी दुपारी गॅलरीत ऊन असलं तर छत्री उलटी करून, झालर वर येईल अशी अर्धा तास ठेवते. मश्रूममधल्या अर्गोस्टेरॉल या घटकाचं उन्हात ड जीवनसत्त्व होतं. दिवसभर कार्यालयात बसणाऱ्या माझ्या लेकीला तेवढंच ऊन मिळतं.

ट्रफल ऑइलची एक बाटली कुणीतरी भेट दिली होती. त्या तेलांपैकी बहुतेकांत ट्रफल नसतंच, कारखान्यात बनवलेला वास असतो. तो आमच्या लसणीपुढे टिकला नाही, आणि लसणीलाही टिकू देईना. बाटली दिली मैत्रिणीला.

एनोकी दिसायला नाजूक, म्हणून लोक सॅलडवर कच्ची घालतात. अमेरिकेत २०२० साली एनोकीतून लिस्टेरिया या जिवाणूची लागण पसरली होती, तेव्हा मी ती नूडल्सच्या उकळत्या रश्शातच टाकते. आणि लायन्स मेन, तो पांढरा केसाळ गोळा, मेंदूला चांगला म्हणून सध्या फार गाजतोय. त्याचे तुकडे दोन तव्यांमध्ये दाबून पाणी काढलं तर खरपूस होतो, चव बरी आहे. पण मेंदूसाठी तो खावा इतके भक्कम पुरावे मला कुठे दिसले नाहीत, आणि त्याच्या किमतीत धिंगरीची बरीच पाकिटं येतात. यादीतून तेवढं नाव मी खोडलं.