हीट प्लस, आर आणि खानापूर तालुका: माझा अनुभव

बेळगाव जिल्ह्याचा आरोग्याचा कुठलाही आकडा घ्या, त्यात अथणी आणि कणकुंबी एकाच पोत्यात कोंबलेली असतात. एकीकडे कृष्णाकाठचा उसाचा सपाट मुलूख, दुसरीकडे मलप्रभेच्या उगमाजवळचं जंगल, जिथं ओढ्याला पाणी आलं की ॲम्ब्युलन्स अलीकडेच थांबते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजारांच्या वर होती. एवढ्या माणसांची सरासरी कुणाचीच राहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कर्नाटकातली ९७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. आमची संस्था खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात काम करते. आम्हाला ते उरलेले तीन टक्के कुठे राहतात ते हवं होतं, आणि नुसतं 'आमच्याकडं परिस्थिती वाईट आहे ओ' असं न म्हणता मोजून दाखवायचं होतं.

आरोग्यातली विषमता मोजायची साधनं बरीच आहेत. विद्यापीठांत स्टाटा नावाचं आकडेवारीचं सॉफ्टवेअर चालतं, पण ते विकत घ्यावं लागतं आणि त्याच्या सगळ्यात स्वस्त आवृत्तीत २,०४८ च्या वर कॉलम उघडत नाहीत. सर्वेक्षणातली स्त्रियांची फाइल त्याच्या दुपटीहून मोठी. हवे तेवढेच कॉलम काढून घेता येतात, पण मुळात पैसे कुठून आणायचे? ओळखीच्या एकाने पेनड्राइव्हवर 'चालू केलेली' प्रत देऊ केली. ती घेतली नाही. अहवालात कोणतं सॉफ्टवेअर वापरलं ते लिहावं लागतं, आणि तिथं खोटं लिहायचं नव्हतं.

मग जागतिक आरोग्य संघटनेचं हीट, विषमता मोजायचंच सॉफ्टवेअर. २०१६ मध्ये आलेलं, फुकट, वेबवरही चालतं आणि उतरवून घेऊन आपल्या कॉम्प्युटरवरही. त्याचे दोन प्रकार आहेत आणि सुरुवातीला इथेच बरेच जण अडकतात. साध्या हीटमध्ये संघटनेचा साठा आधीच भरलेला असतो. भारत निवडला की शहर-खेडं, शिक्षण, आर्थिक स्तर, राज्य अशा विभागण्या मिळतात. तालुका नाही. आपली माहिती घालायची तर हीट प्लस घ्यायचं.

लायसन्स मी छापून वाचलं. कुणी वाचत नाही म्हणतात, पण आमच्या ऑफिसात वाचायला लागलं, कारण आमचे खजिनदार काका. निवृत्त बँकवाले. त्यांचा नियम साधा: ऑफिसात जे येतं ते डेडस्टॉक रजिस्टरला चढतं, आणि जे चढतं त्याला बिल लागतं.

"लायसन्स आहे म्हणता, मग बिल कुठं आहे ओ?"

"काका, फुकट आहे."

"फुकट आहे तर लायसन्स कशाला?"

प्रश्न बरोबर होता. फुकट म्हणजे बेवारशी नव्हे. मालकी संघटनेची, आपल्याला फक्त वापरायची परवानगी, आणि परवानगी म्हटली की अटी आल्या. सॉफ्टवेअर जसं आहे तसं मिळतं, हमी नाही. त्यातून निघालेल्या आकड्यांची जबाबदारी वापरणाऱ्याची. संघटना आपल्या निष्कर्षांच्या पाठीशी उभी आहे असं कुठेही भासवायचं नाही. या शेवटच्या अटीवरून आमच्यात वाजलं. एका तरुण सहकाऱ्याने अहवालाचं मुखपृष्ठ आधीच तयार करून ठेवलं होतं, वर कोपऱ्यात संघटनेचं ते काठीला वेटोळं घातलेल्या सापाचं चिन्ह. दिसायला छानच होतं. पण ते चिन्ह महासंचालकांच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. "वजन पडलं असतं, ताई," म्हणाला. वजन पडलं असतं हे खरं, पण उसनं. साप निघाला, त्या जागी 'विश्लेषणासाठी हीट प्लस वापरलं, आकडे आणि निष्कर्ष संस्थेचे' अशी ओळ आली.

आरचं प्रकरण वेगळं. ही आकडेवारीची भाषा सर्वांसाठी खुल्या असलेल्या जीपीएल परवान्यावर मिळते: वापरा, वाटा, आतला कोड बघा, बदला. हीटसुद्धा मुळात आरवरच उभं आहे. काकांना मी दोन्ही परवान्यांच्या छापील प्रती दिल्या, उतरवल्याची तारीख आणि आवृत्ती वर लिहून. रजिस्टरला 'किंमत: शून्य' असं चढलं, आणि ऑडिटला तेवढं पुरलं. दुसऱ्या संस्थांनाही मी हेच सांगते. बिल मागणाऱ्याशी भांडत बसू नका, त्याला कागद द्या.

इन्स्टॉल करण्याबद्दल थोडक्यात. ऑफिसातला जुना कॉम्प्युटर ३२ बिटचा निघाला. आरने ४.२ आवृत्तीपासून (२०२२) विंडोजवरचं ३२ बिट सोडून दिलंय, त्यामुळे तिथं नवीन काही बसणार नव्हतं. बेळगावातल्या एका ओळखीच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एक मशीन वापरायला मिळालं. तिथं ॲडमिन पासवर्ड सरांकडं आणि सर बेंगळूरला. आर मात्र ॲडमिन नसतानाही स्वतःच्या युजर फोल्डरात बसवता येतं, तसं बसवलं. बसलं, उघडलं, पण एकही पॅकेज (आरला वरून जोडायचा तयार भाग) चढेना. चढलं म्हणायचं आणि हाक मारली की सापडायचं नाही. कारण शोधायला वेळ गेला, कारण ते फार बारीक होतं: त्या मशीनवरच्या युजरचं नाव कन्नड लिपीत होतं. म्हणजे फोल्डरच्या पत्त्यात कन्नड अक्षरं, आणि पॅकेज त्या पत्त्यावर अडखळत होती. डी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी नावाचं फोल्डर केलं, नावात मोकळी जागा न सोडता, आणि आरला सांगितलं की पॅकेज ठेवायची जागा इथून पुढं हीच. सुटलं. आपल्या भागात कन्नड किंवा मराठी नावाची खाती सर्रास असतात. आधी हे बघा, मग इंटरनेटला शिव्या द्या.

सर परत आल्यावर हीट प्लसही त्याच मशीनवर बसलं. उघडतं ब्राउझरसारखं, पण चालतं आपल्याच मशीनवर. आम्हाला हेच हवं होतं. बायकांच्या बाळंतपणाची माहिती, नावं काढलेली असली तरी, वेबवर चढवायची नव्हती. कणकुंबी-जांबोटीकडच्या छोट्या वस्त्यांत 'वय १९, दुसरं बाळंतपण, घरी' एवढं सांगितलं तरी बाई कोण ते गावाला कळतं.

खरं काम इथून पुढं.

सर्वेक्षणाची मूळ फाइल वापरून बघू असा एक विचार होता. ती मिळत होती, नोंदणी करून आणि अभ्यासाचा हेतू लिहून. अट अशी की फाइल दुसऱ्याला द्यायची नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. सोबत काम करणाऱ्यानेही स्वतःची नोंदणी करायची. स्त्रियांची फाइल पूर्ण उघडायला गेलं तर साधा लॅपटॉप आडवा होतो. आरच्या हेवन पॅकेजमध्ये लागतील तेवढेच कॉलम वाचायची सोय आहे, ती वापरायची. वजनाचा कॉलम (कुठली नोंद किती जणींच्या बदल्यात मोजायची ते सांगणारा) दहा लाखाने भागून घ्यायचा, आणि हे वजन लावायलाच विसरलं तर सगळे टक्के वाकडे. बेळगाव जिल्हा जनगणनेच्या ५५५ या कोडने शोधावा, नावाने नव्हे. नाव २०१४ मध्ये बदललं, आणि वेगवेगळ्या फायलींत ते वेगवेगळं दिसतं. पण हे सर्वेक्षण जिल्ह्यापर्यंतच बोलतं. त्याचा नमुना तालुक्यासाठी काढलेलाच नाही. त्यातून खानापूर वेगळं काढून टक्के सांगणारे लोक मी पाहिलेत. आकडा निघतो, अर्थ निघत नाही.

दवाखान्यांचे महिन्याचे अहवाल घ्यावेत तर तिथं वेगळीच गंमत. बाळंतपण जिथं झालं तिथं मोजलं जातं, बाई जिथली तिथं नाही. जंगलातली बाई बेळगावला बाळंत झाली की आकडा बेळगावचा. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर कधी चंदगडला, कधी गोव्यात. त्यामुळे आम्ही तायी कार्डच्या (गरोदर बाईला मिळणाऱ्या सरकारी कार्डाच्या) नोंदी आणि आशा कार्यकर्त्यांच्या वह्या धरल्या, कारण त्या बाईच्या मागोमाग जातात. एक नाव आम्ही 'माहिती नाही'मध्ये टाकलं होतं. ते वाचून गवाळीकडची आशा म्हणाली, "माहिती नाही कसं ओ? चंदगडला झाली तिची डिलिव्हरी. मी स्वतः गेलो होतो की बघायला." अशी बरीच नावं तिने त्या दुपारी जागेवर लावून दिली. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नाही.

मग हीट प्लसचा साचा. एक्सेलची फाइल, ठरलेले कॉलम, ठरलेल्या नावांनी. एक स्पेलिंग चुकलं की फाइल परत. ठिकाण, वर्ष, स्रोत, निर्देशक, विभागणी, उपगट, अंदाज, प्रमाण त्रुटी (अंदाज किती इकडंतिकडं होऊ शकतो ते), उपगटाची लोकसंख्या, देशाचा तीन अक्षरी कोड वगैरे. हे भरता येतं. विचार करायला लावतात ते पुढचे कॉलम. विभागणीला क्रम आहे का? आर्थिक स्तराला आहे, गरीब ते श्रीमंत. तालुक्यांना नाही. क्रम नसेल तर उताराचा निर्देशांक किंवा केंद्रीकरण निर्देशांक (तळापासून वरपर्यंतची विषमता एका आकड्यात सांगणारी मापं) निघतच नाही, दुसरी मापं वापरायची. आम्ही उपगट केले ते वर्षभर चालणाऱ्या डांबरी रस्त्यापासूनच्या अंतराचे. त्याला क्रम आहे, आणि आमच्या मते जात, भाषा, पैसा या सगळ्यांपेक्षा इथं रस्ता जास्त बोलतो. हे माझं मत झालं. फाइलमध्ये घातल्यावर आकडेही त्याच बाजूला झुकले, पण गट लहान होते. एका वस्तीत वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी बाळंतपणं, त्यातलं एक घरी झालं की टक्केवारी धाडकन खाली. प्रमाण त्रुटीचा कॉलम रिकामा ठेवायची सवलत आहे म्हणून तो रिकामा ठेवू नये, ते यासाठी.

आणि एक कॉलम विचारतो: हा निर्देशक वाढणं चांगलं की वाईट? एक किंवा शून्य. दिसायला काहीच नाही. पण दवाखान्यातली बाळंतपणं घ्यायची की घरची, यावर चित्र बदलतं. समजा रस्त्याकाठी शंभरातल्या ९९ बायका दवाखान्यात बाळंत झाल्या आणि आतल्या गावांत ९४. फरक पाचाचा. गुणोत्तर १.०५, म्हणजे जवळजवळ सारखंच. आता तेच घरच्या बाळंतपणांनी मोजा: १ आणि ६. फरक पुन्हा पाचच, पण गुणोत्तर सहा. बायका त्याच, बाळंतपणं तीच. ज्याला 'सगळं छान आहे' म्हणायचंय तो पहिलं दाखवेल, ज्याला बोंब मारायची तो दुसरं. आमच्या अहवालात दोन्ही शेजारी शेजारी दिली आणि फरकही दिला. देणगीदाराकडच्या माणसाला फक्त 'सहा पट' हवं होतं. तसं दिलं नाही.

तालुक्यांचा गुंता त्यानंतर लक्षात आला. २०११ ला जिल्ह्यात दहा तालुके. पुढं चिकोडीतून निपाणी, अथणीतून कागवाड, गोकाकातून मूडलगी, बैलहोंगलातून कित्तूर वेगळे झाले. जुन्या वर्षांशी तुलना करायची तर नवे तालुके परत जुन्यात मिळवायचे, नाहीतर गोकाकात एका वर्षात बाळंतपणं घटल्याचं दिसतं आणि कुणीतरी त्यावर लेख लिहितो. खानापूर मात्र अखंड राहिलं, आमचं नशीब.

फाइल सेव्ह करताना यूटीएफ-८ (आपल्या लिपीतली अक्षरं जपणारी पद्धत) निवडा, नाहीतर गावांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. मेनू मराठीत नाही, कन्नडमध्येही नाही. त्यामुळे मापांच्या नावांचा आणि कॉलमांचा खुलासा आम्ही दोन्ही भाषांत एका पानावर करून भिंतीला लावला. सरकारी बैठकीला नेलेला तक्ता कन्नडमध्येच केला होता, आणि तिथं पहिला प्रश्न आला तो रस्त्याच्या गटांवर: कुठली गावं कुठल्या गटात, आणि ठरवलं कुणी? यादी सोबत होती म्हणून बरं. त्यातली दोन नावं तिथंच बदलून घेतली, कारण रस्ता नव्याने झाला होता आणि आमच्यापेक्षा आधी त्यांना कळलं होतं.

आता निपाणीकडच्या एक सिस्टर हेच त्यांच्या भागासाठी करायचं म्हणतायत. त्यांना इन्स्टॉलर, परवान्याच्या प्रती आणि आमचा रिकामा साचा पाठवलाय. आमची भरलेली फाइल नाही.