बोंबलाचा मुक्काम

जुलैतल्या एका रविवारी पाच सुके बोंबील भाजले. गॅसवर जाळी ठेवून, चांगले खरपूस. मग तुकडे करून वर कांदा, लाल तिखट, कोथिंबीर आणि कच्चं खोबरेल. दहा मिनिटांत ताट रिकामं झालं. वास बुधवारपर्यंत राहिला.

चुकला तो मुहूर्त. बाहेर पावसाची झड, म्हणून खिडक्या बंद, आणि हॉलमध्ये पंख्याखाली दोन दिवसांचे ओले कपडे. पण सुक्याचे दिवसही हेच. १ जून ते ३१ जुलै किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्यामुळे कोकणात आगोटीच्या सामानात बोंबील, सुकट, जवळा आधीच भरून ठेवतात. गावी ते मागील दारी निखाऱ्यांवर भाजतात. वास जातो माडांत, मांजर येतं घरात. फ्लॅटमध्ये वास कुठं जाणार? तो सोमवारी सकाळी माझ्या इस्त्रीच्या शर्टात बसून लिफ्टमध्ये आला.

"बोंबील का?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"काल केले होते."

"वाटलंच. आमच्या बेडरूमपर्यंत आले होते."

आमची आणि त्यांची स्वयंपाकघरं एकाच डक्टमध्ये उघडतात. एक्झॉस्ट फॅन वास घालवतो हा आपला समज. तो नुसता पोचवतो.

मराठीची मात्र कमाल आहे. वास तोच, पण ताट वाढेपर्यंत घमघमाट, हात धुतल्यावर दर्प, आणि दुसऱ्या दिवशी दार उघडलं की भपकारा.

संध्याकाळी मोगऱ्याची उदबत्ती लावली. देवळाच्या पायरीवर मासळीबाजार भरल्यासारखं वाटू लागलं, तेव्हा विझवली. मग लिंबू. मासळीच्या त्या हिंवस वासामागे बरंचसं ट्रायमिथाइलअमाइन असतं. ते अल्कधर्मी; आंबट लागलं की त्याचं क्षार बनतं आणि मग ते उडून नाकापर्यंत येत नाही. आईला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं, पण कालवणात आमसूल आणि हाताला लिंबाचं साल यात तिची कधी चूक झाली नाही. जाळी, विळी, ओटा, बोटं, सगळं लिंबानं निवळलं. पडद्यांना काय चोळणार?

कारण भाजण्या-तळण्याचा वास नुसता हवेत नसतो. तेलाचे बारीक थेंब उडतात आणि पडद्यांवर, भिंतीवर, पंख्याच्या पात्यांवर बसतात. तो ओशट थर आहे तोवर वास आहे. मग चिमणीची जाळी काढली. तिच्यावर दोन दिवाळ्यांचा फराळ जमला होता! कढत पाणी आणि धुण्याचा सोडा घालून तासभर बुडवली, तेव्हा खालची स्टीलची जाळी दिसली. आमच्या चिमणीला बाहेर जाणारा पाइपच नाही. ती हवा ओढते, कोळशाच्या फिल्टरमधून काढते आणि आम्हालाच परत देते. हा कोळसा दर काही महिन्यांनी बदलायचा असतो, असं तिच्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे. पुस्तिका प्लास्टिकमधून त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर आली.

पडदे धुतले, कपडे पुन्हा धुतले (पुन्हा पंख्याखाली), आणि मंगळवारी रात्री घर स्वच्छ झाल्याचं जाहीर केलं. आपल्या घरच्या वासाला आपलं नाक सरावतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही. बुधवारी भाऊ आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "मला न सांगता बोंबील?"

गुरुवारी पाऊस उघडला. मी समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडून निवांत बसलो, तर डक्टमधून खाट आला. काकूंकडे हिरव्या मिरच्या भाजणं चाललं होतं, मागोमाग लसूण. ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. उठून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. मग पुन्हा थोडी उघडली, आणि डब्यात सकाळची भाकरी उरली आहे का ते बघितलं.