घोड्याचं वर्ष आणि आम्ही उंदीरवाले

मंडळी, १७ फेब्रुवारीला इकडे सिंगापुरात घोड्याचं वर्ष लागलं आणि तेव्हापासून जो तो मला जन्मसाल विचारतोय. १९८४ म्हटलं की समोरचा लगेच काळजीत, कारण ८४ म्हणजे उंदीर, आणि चिनी राशिचक्रात उंदीर आणि घोडा बरोब्बर समोरासमोर येतात. उंदीर उत्तरेचा, पाण्याचा, घोडा दक्षिणेचा, आगीचा. त्यात प्रत्येक राशीच्या वर्षाला पाच तत्त्वांपैकी एक आळीपाळीने जोडलेलं असतं, यंदाचा घोडा अग्नीचा, तो साठ वर्षांतून एकदाच येतो, याआधी १९६६ ला आला होता. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या जिवावर उठते असा जपानमध्ये समज, म्हणून लोकांनी मुलंच टाळली आणि एका वर्षात तिथले जन्म जवळजवळ पाव हिश्श्याने कमी झाले. मला याचा खरंच राग येतो. जपून राहा सांगणं वेगळं आणि जन्माला यायच्या आधीच एखादीला अपशकुनी ठरवणं वेगळं.

तर आता आपलं भविष्य. दर वर्षाचा एक ताई सुई असतो, म्हणजे त्या वर्षाचा कारभार बघणारा देव, असे एकूण साठ. यंदा घोडा, उंदीर, बैल आणि ससा या चौघांचं त्याच्याशी वाकडं, पण थेट टक्कर फक्त उंदराची. बहुतेक भविष्यवाले सांगतात की नोकरीत उलथापालथ, घर बदलणं, सारखा प्रवास, आणि पाणी-आगीचं भांडण म्हणून हृदय, डोळे, किडनी सांभाळा. जून तर जास्तच जपा कारण तो महिनाही घोड्याचाच. वाचून धस्स होतं ना, मलाही झालं. पण आमच्या ब्लॉकमधल्या आंटी, ज्यांना अख्ख्या मजल्याच्या राशी पाठ आहेत, त्यांनी शांतपणे सांगितलं की टक्कर म्हणजे हालचाल, ती होणारच आहे तर तूच आधी करून टाक. घर बदलायचं मनात असेल तर यंदाच बदल, घरात लग्न ठरत असेल तर लांबवू नका, आणि अंगातून रक्त जायचा योग असेल तर तो रक्तदानात जाऊ दे, नाहीतर दात तरी साफ करून घे. मला हे फार म्हणजे फार पटलं, घाबरून घरात बसायला कुणी सांगतच नाहीये. बैल उंदराचा मित्र म्हणून त्यांनी मला बैलाचं छोटं पेंडंटही दिलं, ते पर्समध्ये ठेवलंय.

भविष्यवाल्यांमधले काही जण वर्ष ४ फेब्रुवारीपासून धरतात, त्या दिवसाला लीचून म्हणतात, म्हणजे वसंताची सुरुवात. त्या दिवशी प्रत्येक राशीला पैसे बँकेत भरायची शुभ वेळ ठरलेली असते आणि लोक खरोखर त्या वेळेला कॅश डिपॉझिट मशीनपुढे लाईन लावतात!

ताई सुईची शांती करायला बरेच जण वॉटरलू स्ट्रीटच्या क्वान इम, म्हणजे करुणेच्या चिनी देवीच्या, देवळात जातात. हे देऊळ मला का आवडतं सांगू, त्याला लागून कृष्णाचं देऊळ आहे आणि क्वान इमला उदबत्ती लावून झाली की कितीतरी चिनी माणसं तिथेही हात जोडतात, उदबत्ती लावतात, कुणी कुणाला विचारत नाही की तू इथे कसा.

आणि एक गोष्ट कळली तेव्हा मी बाबांना लगेच फोन केला. ताई सुईचा हिशोब मुळात गुरूवरून आलाय, गुरू साधारण बारा वर्षांत फेरी मारतो म्हणून राशी बारा, आणि पूर्ण चक्र साठ वर्षांचं. आपली संवत्सरंही साठच, तीही गुरूवरूनच! १९ मार्चच्या पाडव्याला आपल्याकडे पराभव संवत्सर लागतंय आणि १९६६ च्या पाडव्यालाही तेच लागलं होतं. म्हणजे इकडे अग्नीचा घोडा परत आला त्याच वर्षी तिकडे आपलं पंचांगही फिरून त्याच नावावर आलं. बाबा ६६ मध्ये शाळेत होते, ते कितीतरी वेळ त्या सालाबद्दलच बोलत राहिले.

तुमच्यापैकी १९६०, ७२, ८४, ९६, २००८ आणि २०२० चे सगळे उंदीर, पण जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांनी तारीख नक्की बघा. ७२ मध्ये वर्ष १५ फेब्रुवारीला लागलं, ८४ मध्ये २ ला, ९६ मध्ये थेट १९ ला. त्याआधी जन्मलेले डुक्कर राशीचे, आणि डुकराला यंदा ताई सुईचा काही त्रास नाही.