जुनी गाडी विकायला काढताना मी काय केलं आणि काय मुद्दाम केलं नाही

गाडी बघायला जो पहिला माणूस आला त्याने काही विचारायच्या आधी बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गरम होतं. "आधीच चालू करून ठेवली होती का?" मी हो म्हणाले, कारण सकाळी पहिल्या स्टार्टला ती जरा खडखडते, ते त्याच्यासमोर कशाला म्हणून मी अर्धा तास आधी फिरवून आणली होती. तो नंतर अगदी नीट बोलला, चक्कर मारून आला, पण गाडीकडे बघायची त्याची नजर बदलली होती आणि तो परत आला नाही. मला याचंच जास्त वाईट वाटलं की चौदा वर्षांच्या त्या इंजिनात लपवण्यासारखं काही नव्हतंच.

नंतर एका जुन्या मेकॅनिकने समजावलं की रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली उतरलेलं असतं, त्यामुळे पहिले दोन-चार सेकंद टिकटिक होणं वेगळं आणि तो आवाज तसाच चालू राहणं वेगळं. बॅटरीत दम किती आहे, निळा धूर येतोय का म्हणजे ऑइल जळतंय का, हे सगळं थंड इंजिनवरच कळतं, म्हणून जाणकार माणूस आधी हात लावून बघतो. तेव्हा गाडी थंडच ठेवा, आणि चावी त्याच्या हातात द्या, त्यालाच चालू करू दे.

त्या दिवसानंतर मी सगळंच परत पहिल्यापासून केलं.

आधी गाडी पूर्ण रिकामी केली. डिकी, सीटखाली, दाराचे कप्पे, सगळं. मग लक्षात आलं की आत एक कुबट वास आहे, जो मला रोज बसून बसून येतच नव्हता. पहिल्या वेळी मी फ्रेशनर लावून मोकळी झाले होते, तेही चुकलंच, कारण घमघमाट आला की घेणाऱ्याला वाटतं यांना कसला तरी वास दाबायचाय. यावेळी मॅट उचलून कार्पेट दाबून बघितलं तर डाव्या बाजूला ओलं! समोरच्या काचेखाली वायपरपाशी जी जाळी असते तिच्या खाली पाणी वाहून जायची भोकं असतात, ती पानं आणि मातीने गच्च बुजलेली, म्हणून पाऊस पडला की पाणी आत झिरपत होतं. भोकं मोकळी केली, कार्पेट उचलून खाली हवा खेळेल असं ठेवलं, वाळायला दोन दिवस गेले. ग्लोव्हबॉक्सच्या मागचा एसीचा फिल्टर काढला तर काळाकुट्ट, तो बदलला. वास गेला. एकही स्प्रे मारला नाही.

हेडलाइट पिवळे धुरकट झाले होते. ती काच नसते, पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिक असतं आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्यावरचा थर खराब होतो. आधी ८०० नंबरचा वॉटर पेपर, मग १५००, मग २०००, सतत पाणी मारत, आणि शेवटी पॉलिश. पण एवढ्यावर थांबू नका, वरून यूव्हीचं कोटिंग मारावंच लागतं, नाहीतर काही महिन्यांत परत पिवळे. टूथपेस्टने चमकतात ते थोडेच दिवस, आणि ज्याने गाडी घेतली त्याच्या वाट्याला ते येणार, म्हणून मी ते केलं नाही.

आता जे मुद्दाम नाही केलं ते. मागच्या दारावर एक लांब ओरखडा आणि छोटा डेंट आहे, सगळे म्हणाले ते एक दार रंगवून घे. नाही घेतलं. जुन्या गाडीचं एकच दार नवं दिसलं की पहिला प्रश्न अपघाताचा येतो, आणि आता पेंटची जाडी मोजायचं छोटं मशीन घेऊन लोक येतात, कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो आणि परत रंगवलेला भाग त्याच्यापेक्षा बराच जाड दाखवतो. ओरखडा म्हणजे फक्त ओरखडा आहे हे डोळ्यांनी दिसू दे ना. इंजिनवर प्रेशरचं पाणीही मारलं नाही, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करतो तो) आणि वायरिंगच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलं तर नसलेली दुखणी सुरू होतात, आणि धुतलेल्या इंजिनचं ऑइल कुठून गळत होतं तेही कळत नाही. ओलसर फडक्याने धूळ पुसली, बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा थर सोड्याच्या पाण्याने काढला, बस.

चेक इंजिनची लाइट लागायची अधूनमधून. एकाने सांगितलं की स्कॅनर लावून कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने केलेली बिघाडाची नोंद, पुसून टाक, दाखवायच्या दिवशी लाइट नाही लागणार. हे अजिबात करू नका, प्लीज. कोड पुसला की गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या तपासण्याही शून्यावर येतात, समोरच्याने स्वतःचा स्कॅनर लावला तर त्या अपूर्ण दिसतात आणि नुकतंच काहीतरी पुसलंय हे त्याला लगेच कळतं. माझ्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर गेला होता, तो बदलला आणि पावती फाइलला लावली.

फाइल हा प्रकार मी आधी फार हलक्यात घेतला होता. सर्व्हिसच्या पावत्या तारखेप्रमाणे लावल्या, टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) बदलल्याची पावती सगळ्यात वर, कारण जुन्या गाडीत तो तुटला तर बऱ्याच इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात आणि माणूस नेमका तेच विचारतो. कागदावरचा १७ अक्षरी चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी एकेक अक्षर जुळवून बघितला. टायरच्या बाजूवर तारखेचे चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, तेही वाचून ठेवले, विचारलं तर अंदाजे सांगायला नको. दुसरी चावी, जॅक, पाना, स्टेपनीत हवा. आणि म्युझिक सिस्टीममधले माझे सगळे कॉन्टॅक्ट आणि घराचा पत्ता पुसला, हे बरेच जण विसरतात.

फोटो ढगाळ सकाळी काढले, डेंटचा आणि ओरखड्याचा जवळून वेगळा काढला. आणि एका कागदावर उणिवा लिहिल्या: दार, मागच्या काचेचा स्विच कधीकधी अडकतो, तिसऱ्या गिअरला थंडीत जरा जड, डावीकडे पाणी येत होतं ते दुरुस्त केलंय पण पहिल्या पावसात एकदा बघा.

दुसरी बघायला आली ती एक बाई आणि तिचा भाऊ. भावाने बॉनेटला हात लावला, थंड. तिने स्वतः चालू केली, दोन सेकंद टिकटिक झाली आणि थांबली, मी काहीच बोलले नाही. मग तिने तो कागद मागितला आणि हातात घेऊन गाडीभोवती एकेक ओळ ताडून बघत फिरली, डावीकडचं कार्पेट स्वतः दाबून बघितलं. कागद तिने फाइलमध्ये सगळ्यात वर, बेल्टच्या पावतीच्याही वर ठेवला आणि म्हणाली, "हा माझ्याकडेच राहू दे."