मॅटखालची चादर

आज जीपचं मॅट उचललं आणि खालची सोलापुरी चादर हाताला ओली लागली. सीना नदीच्या पाण्यातून गाडी काढून आठ दिवस झाले होते!

पत्र्यावर तांबूस पापुद्रे. गॅरेजवाल्या चाचांना म्हटलं, "वरून बेडलायनरचा, त्या रबरासारख्या लेपाचा, जाड थर मारून टाका."

त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. आरपार गेलं.

"गंजावर थर दिला तर आतल्या आत खात राहील, दादा. आधी घासून पत्रा उघडा करू, भोकाला ठिगळ जोडू, एपॉक्सी प्रायमरचा अस्तर-थर देऊ, मग वरून पॉलियुरेथेनचा लेप. आणि तळातली पाणी जायची भोकं मोकळीच ठेवायची."

ती चादर वडिलांनी अंथरली होती. उन्हाळ्यात आमच्या पायांना चटका बसू नये म्हणून. घडी करून घरी आणलीय, टाकवत नाही.

तुम्ही मॅट शेवटचं कधी उचललंत?