तुम्ही विचारलंत म्हणून: तोच डोंगर दरवर्षी कशासाठी?

तेच दृश्य दरवर्षी रंगवून कंटाळा येत नाही का, असे अनेकजण विचारतात. त्यामागे बहुधा अशी समजूत असते की डोंगर, ओढा आणि झाडांची रांग एकदा कागदावर उतरली की विषय संपला. माझ्यासाठी तो तिथून सुरू होतो. नव्या जागी दृश्य कुठून कुठवर घ्यायचे आणि क्षितिज किती उंचीवर ठेवायचे हे ठरवण्यातच बराच वेळ जातो आणि तोवर सावल्या सरकतात, कारण उघड्यावर एका प्रकाशात जेमतेम दोन तास मिळतात. जागा ओळखीची असली की रेखाटन चटकन उरकते आणि उरलेला सगळा वेळ रंगाला देता येतो.

मी साधारण त्याच तारखांना, त्याच वेळी तिथे बसतो. तेव्हा सूर्य गेल्या वर्षी होता जवळजवळ तिथेच असतो आणि ऊन असले तर सावल्यांची दिशा व लांबीही तीच राहते. म्हणून जे वेगळे दिसते ते हवेचे आणि जमिनीचे असते. हवा कोरडी व स्वच्छ असेल तर दूरचा डोंगर जवळ आल्यासारखा वाटतो. दमट असेल तर तोच निळसर करडा होऊन मागे सरतो आणि अल्ट्रामरीन या गडद निळ्या रंगात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग किती मिसळायचा हे नव्याने ठरवावे लागते. (फोटो का काढत नाही, हा पुढचा प्रश्न. कॅमेरा सावल्या काळ्या करून टाकतो. त्यांच्यातले रंग डोळ्यालाच दिसतात.)

धोका आहे तो सवयीचा, कारण हात समोरचा डोंगर सोडून आठवणीतला डोंगर काढू लागतो. त्यामुळे निघण्यापूर्वी मी जुनी चित्रे पाहत नाही. फ्रेंच चित्रकार पॉल सेझानने १९०६ साली मुलाला लिहिले होते की नदीकाठची जागा न सोडता, केवळ थोडे उजवीकडे किंवा डावीकडे झुकून, महिनोन्महिने काम करता येईल. यात मला जराही अतिशयोक्ती वाटत नाही.

दृश्य मात्र आपल्यासाठी थांबत नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने १८९१ साली पॉप्लरची रांग रंगवत असताना ती झाडे तोडली जाणार होती, तेव्हा त्याने लाकडाच्या व्यापाऱ्याला पैसे देऊन चित्रे पूर्ण होईपर्यंत ती राखून घेतली. माझ्या रांगेतले डावीकडचे सर्वांत उंच झाड आता नाही. चित्राचा तोल त्यावरच होता. सध्या क्षितिज वर नेऊन आणि ओढ्याचे वळण डावीकडे घेऊन पाहतो आहे, पण ती बाजू अजून रिकामीच वाटते.