आमची वाटचाल : गुळाशिवाय वडी

आमच्याकडे नाशकात लाल भोपळ्याला डांगर म्हणतात. (कोकणातल्या मंडळींनी उडदाचं डांगर समजू नये.) डांगर चिरलं की सासूबाई आतल्या बिया राखेत चोळून सुपात वाळत घालायच्या आणि दुपारी ओट्यावर बसून एकेक बी दाताखाली फोडायच्या. या बियांवर एक दिवस घर चालेल असं तेव्हा कोणी म्हटलं असतं, तर पहिल्या त्याच हसल्या असत्या.

२०१८ साली ह्यांना साखर निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली आणि चारच्या चहाबरोबरचा चिवडा बंद केला. गोळीचं काही वाटलं नाही, पण चिवड्याचं घरात सुतक पाळल्यासारखं झालं. १०० ग्रॅम पोह्यांत ७५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं (म्हणजे पोटात गेल्यावर ज्यांची साखर होते ती) असतात, हे मला तेव्हा कळलं. भोपळ्याच्या सोललेल्या बियांत ती ११ ग्रॅमच्या आसपास, त्यातही निम्म्याहून जास्त चोथा. वर प्रथिनं ३० ग्रॅम. बिया भाजून, तिखटमीठ लावून डबा भरून ठेवला. चार दिवसांत डबा रिकामा. संपवणाऱ्यांत साखर नसलेलेच जास्त होते.

घरच्या डांगराच्या बिया सोलून पाहिल्या. पाव किलो गर निघायला आम्हा सासूसुनांची अख्खी दुपार गेली, शिवाय नखं दुखायला लागली ती वेगळीच. मग बाजारातून सोललेल्या हिरव्या बिया आणायला लागलो. त्यातला बराच माल परदेशातून येतो, म्हणून आमच्या पाकिटावर 'गावरान' हा शब्द तुम्हाला दिसणार नाही.

भिशीतल्या बायका म्हणाल्या, नुसत्या बिया काय, वडी कर. इथे खरी गंमत सुरू झाली. आपल्याकडे दाणे असोत की तीळ, वडी धरून ठेवतो तो गुळाचा पाक. गूळ काढला की सगळं सुटं. मध घ्यावा तर तीही साखरच. अंड्याचा पांढरा बलक चिकटतो छान, पण आमची निम्मी गिऱ्हाइकं पाकीट लांबूनच परत करतील. सहा-सात महिने मी फक्त भुगा केला. ह्यांनी तो दह्यावर घालून निमूट खाल्ला.

उत्तर होतं मिसळणाच्या डब्याशेजारच्या बरणीत. जवसाची चटणी कुटताना थोडी पूड ओल्या वाटीत सांडली आणि पाच-दहा मिनिटांनी पाहते तो वाटीत बुळबुळीत गोळा! दुसऱ्या दिवशी दोन वाट्या बिया, अर्धी वाटी तीळ, पाव वाटी जवसाची पूड, मीठ, लसूण-मिरचीचा ठेचा आणि बेताचं पाणी घालून वीस मिनिटं मुरवलं. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटलं, सुरीने चौकोन पाडले आणि घरच्या छोट्या ओव्हनमध्ये १५० अंशांवर ठेवलं. जाड झालं होतं, मध्ये ओलं राहिलं. पुढचा घाणा दशमीहून पातळ लाटला, अर्ध्यावर उलटला. गार झाल्यावर मोडला तेव्हा कट्ट असा आवाज आला. तो ऐकून सासूबाई आतल्या खोलीतून विचारत्या झाल्या, "काय फुटलं गं?"

अन्नपदार्थ विक्रीची नोंदणी सोपी निघाली. १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. अडखळलो लेबलावर. मी हौसेने 'मधुमेहावर गुणकारी' असं छापून घेतलं होतं. खाण्याच्या पाकिटावर आजार बरा होण्याचा दावा करता येत नाही, हे एका जाणत्याने वेळीच सांगितलं आणि दोन हजार लेबलं रद्दीत गेली. आता फक्त प्रयोगशाळेतून तपासून आणलेले आकडे छापतो. त्यात कॅलरीही असतात आणि त्या कमी नाहीत, कारण बियांत निम्मं तेलच असतं. 'लो-कार्ब आहे ना' म्हणून अख्खं पाकीट संपवणाऱ्यांना मी स्वतः टोकते. धंद्याच्या दृष्टीने हा मूर्खपणा आहे, असं ह्यांचं मत.

तेच तेल पहिल्या पावसाळ्यात नडलं. एका व्यापाऱ्याने जुना माल गळ्यात मारला, आम्ही तो वास न घेता भाजला आणि साध्या पिशव्यांत भरला. पंधरवड्यात ४० किलो माल परत आला. एका काकूंनी फोनवर एवढंच म्हटलं, "अगं, खवट लागतंय." त्या दिवशी जेवण गेलं नाही. आता प्रत्येक पोतं उघडलं की मूठभर बिया तळहातावर चोळून हुंगायच्या, हे काम सासूबाईंकडे. त्यांनी मान हलवली की पोतं परत, मग कोणी कितीही विनवण्या करो. पाकीट चंदेरी अस्तराचं, आत हवेऐवजी नायट्रोजन, म्हणजे तेल लवकर खवट होत नाही.

आज शेडमध्ये चार बायका कामाला आहेत, मोठा ओव्हन हप्त्यावर आहे. लसूण-मिरची सगळ्यात जास्त खपते, ओवा रडतखडत.

एक मागणी मात्र अजून पुरी करता आलेली नाही. दर एकादशीला फोन येतो, "उपासाला चालेल का हो?" लसूण काढता येईल, पण काही घरांत तीळ चालत नाहीत आणि जवस तर बहुतेक घरांत नाहीच. म्हणून सध्या भिजवलेल्या सब्जावर वडी बांधून बघतेय. परवाचा ट्रे तीन तास ओव्हनमध्ये राहूनही वाळला नाही. ह्यांनी चमच्याने खाल्ला.